शेंदराखालचं तोंड

अप्पा, त्या दगडावरून तुमच्याशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. तुम्ही जाऊन पंधरा वर्षं होत आली, तरी नाही. गेल्या महिन्यात तर ते भांडण मी बेंगळुरूच्या ऑफिसात घेऊन गेलो आणि तिथेही माघार घेतली नाही.

माझं काम तुम्हाला शेवटपर्यंत पटलं नाही. "गुरवाचा पोरगा, देवाची पूजा सोडून खेळातली चित्रं रंगवतोय," असं तुम्ही पारावर सांगायचात, ते माझ्या कानावर यायचं. मोबाईलवरच्या खेळांसाठी चित्रं तयार करणं, एवढंच ते आहे. कलाकाराने काढलेलं चित्र मोठं आणि जड असतं. फोनला झेपेल इतकं ते हलकं करायचं, कडा साफ करायच्या आणि तरी पान हे पानच दिसलं पाहिजे. तुम्ही गेल्यावर तीन-चार वर्षांनी आम्ही एक खेळ केला, खेड्यातल्या रस्त्यावरून बैलगाडी पळवायचा. बैल दमले की थांबायला त्यात मी एक लहानसं देऊळ घातलं. आत आपल्या गावचा मारुती, म्हणजे एक शेंदरी गोळा आणि दोन पांढरे डोळे. तेव्हाचे फोन लहान, त्यामुळे देव तांदळाच्या दाण्याएवढा. कुणी काही विचारलं नाही.

आता तोच खेळ मोठ्या, लख्ख पडद्यांच्या फोनसाठी पुन्हा निघतो आहे. मूळची मोठी चित्रं कुणी जपून ठेवलेली नाहीत. म्हणून जुनं बारकं चित्र यंत्राला द्यायचं. ते चौपट मोठं करून देतं, आणि जिथे काही दिसत नाही तिथे आपल्या अंदाजाने भरतं. पानांना शिरा येतात, बैलांच्या अंगावर केस येतात. ते तपासून पुढे पाठवणं माझ्याकडे. एका सकाळी देऊळ उघडून बघतो, तर यंत्राने देवाला तोंड दिलेलं. गुलाबी ओठ, दात, बाहुलीसारखं हसू. मी ते पुसून टाकलं.

आमची टीम लीड पुण्याची मुलगी आहे, माझ्या निम्म्या वयाची. मला दादा म्हणते. ती माझ्या टेबलाशी आली. "दादा, देवळातल्या मूर्तीला फेस का नाही? टेस्टरने बग टाकलाय. इमेज अर्धीच लोड झाली म्हणतोय."

"पूर्ण झाली आहे. देव तसाच असतो."

"तो विचारतोय, हे गाजर आहे का."

आजूबाजूचे हसले. तीही हसली, मग माझ्याकडे बघून थांबली. "सॉरी. पण फेस ठेवा ना तो, काय बिघडतं? नाहीतर देऊळच काढून टाकू. शुक्रवारी सगळं जायला हवं."

"दोन्ही होणार नाही," मी म्हणालो.

तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आपला गाभारा होता. मी चौथीत असेन. उन्हाळ्यातली सकाळ, तुम्ही देवावर पाणी घालताय, मी समई पुसतोय, आणि पिढ्यान्‌पिढ्या साचलेलं शेंदराचं कवच सुटून अखंडच्या अखंड खाली येतं. मागे काळा दगड. त्याला नाक आहे, ओठ आहेत, ते वानराचे नाहीत. तुम्ही माझे खांदे धरून मला दाराकडे वळवता. "जा, घरनं त्याल आन." मी तेल घेऊन परत येतो तोवर समईतल्याच तेलात शेंदूर कालवून तुम्ही दगड लिंपलेला असतो, आणि कवच धोतरात बांधून नदीवर न्यायला ठेवलेलं. दुसऱ्या गावांत कवच सुटलं की ते वाजतगाजत विसर्जनाला नेतात, एवढं मला ठाऊक होतं. "अप्पा, तो मारुती नव्हता?" मी विचारलं. "तुला इचारलंय का कुणी?" तुम्ही म्हणालात. मग हात पुसत, "गावाला जो ठावा हाय, त्योच देव ऱ्हाऊ दे. तोंड दिसलं की मान्सं तोंडावरनं भांडत्यात."

भांडली असती. भांडू द्यायचं होतं. देव तुमच्या मालकीचा नव्हता, अप्पा. कुणीतरी त्या दगडावर महिने घालवले असतील, ते तुम्ही एका सकाळी लिंपून टाकलंत. तेव्हा हे बोलायची माझी छाती नव्हती.

त्या आठवड्यात मी यंत्र बाजूला ठेवलं आणि देव हाताने काढला, पडद्यावर मावणार नाही एवढा मोठा. के. आर. पुरमच्या घरी आंघोळ आणि जप उरकून एचएसआरच्या ऑफिसात जायचं आणि बाकी सगळं सोडून तेवढंच करायचं. शेंदराचे एकावर एक सरकलेले थर, तेलाचे ओघळ, चिकटलेला वर्ख, रुईच्या पानाचा ठसा, खांद्यापाशी गेलेली चीर. डोळे दोनच. नाक-तोंड नाही. शुक्रवारी तिने ते मोठं करून पाहिलं. "आमच्या सोसायटीच्या मागे असाच एक आहे," ती म्हणाली, "मी कधी नीट बघितलाच नाही." चित्र तसंच गेलं.

पुढच्या आठवड्यात तिने मला जिन्यात गाठलं. "दादा, नव्या प्रोजेक्टवर तुम्हाला घेत नाहीयेत. एका चित्रावर आठवडा घालवला म्हणतात. तुम्ही एक मेल टाका ना, पुन्हा असं होणार नाही म्हणून."

"होईल," मी म्हणालो.

बायकोला सांगितलं. तिचं मराठी घराणं इथे शेकडो वर्षांचं, रागावली की अर्धी कन्नड होते. "सरी बिडी, असू दे," ती म्हणाली, "काम दुसरं मिळेल. पण शेवटी तुम्ही मामंजींचंच केलंत. त्यांनी तोंड झाकलं, तुम्ही पुसलं." मी हे मानत नाही. तुम्ही होतं ते तोंड झाकलंत, मी नव्हतं ते बसू दिलं नाही. ती म्हणो, तुम्ही वरून म्हणा, मी हे दोन एक धरणार नाही.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, म्हणून तिला न सांगितलेलं सांगतो. त्या चित्रात शेंदराच्या थरांखाली, कुणाला दिसणार नाही असा, एक थर मी त्या तोंडासाठी ठेवला होता. तुम्ही लिंपलंत त्या तोंडासाठी. दोनदा काढायला बसलो. नाक होतं, ओठ होते. कसे होते ते मला आठवत नाही.