नुसती चक्कर नव्हती

प्रिय ताई,

हे पत्र मी तुला पाठवणार नाही, कारण ते वाचून तू रडशील आणि मुद्दा बाजूलाच राहील.

परवा तापात मी तुझ्या स्वयंपाकघरात कोसळलो. डॉक्टरांनी विचारले, "हातपाय झटकले का?" तू लगेच म्हणालीस, "छे हो! पोटात अन्न नव्हतं, नुसती चक्कर आली." माझी जीभ दातांखाली चिरडली गेली होती, तरीही मी मान डोलावली. माझा अपस्मार 'चक्कर' या शब्दाखाली झाकण्याची सवय आपल्या घराला मी शाळेत होतो तेव्हापासून आहे.

आणखी एक गोष्ट आपण लपवली. ताप चढला तेव्हा तू म्हणाली होतीस, "अरे, दोन-दोन औषधं एकदम कशाला? अंगात उष्णता वाढेल. फिटची गोळी राहू दे दोन दिवस." मी "तू डॉक्टर केव्हा झालीस?" अशी चेष्टा केली आणि गोळी मात्र घेतली नाही. ती चूक माझी आहे.

चक्कर होती की झटका, हे डॉक्टरांनी ठरवायचे. पण ती तीन मिनिटे फक्त तू पाहिलीस. मी तिथे असूनही नव्हतो.

तुझ्या नातीला मी रोज गाडीने शाळेत सोडतो. डॉक्टर होकार देईपर्यंत मी गाडीला हात लावणार नाही. उद्या सकाळी दहा वाजता मी चालत तुझ्याकडे येईन आणि आपण दवाखान्यात जाऊ. गोळीचे मी सांगेन. तू पाहिलेस ते तू सांगायचे. नाही म्हणालीस, तर तुझ्या दारातच बसून राहीन.

तुझा हट्टी धाकटा भाऊ