एकशे तीस तोंडं

झोंबा, १२ जून

चि. झिओनेस,

मावशीचा आशीर्वाद. इथे जूनची नेहमीची थंडी पडली आहे, मका घरात आला आहे. माझ्या मागच्या दोन पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस. याला दे, आणि लगेच.

आमच्या अध्यापक विद्यालयात झांबिया आणि आयर्लंडहून प्रशिक्षक आले आहेत. एकमेकांचे पाठ पाहायचे, उणिवा तोंडावर सांगायच्या आणि शाळाशाळांत जाऊन नव्या शिक्षकांना हाताला धरून शिकवायचं, असं ठरलं आहे. काल झांबियाच्या मुतिंताबाई मला म्हणाल्या, "पहिला पाठ तुमचाच, मॅडम. आत्ता." बावीस वर्षांत मी पहिलीसमोर उभी राहिले नव्हते.

विद्यालयाच्या सराव शाळेत आंब्याखाली एकशे तीस मुलं, नुसता गलका. मी ओरडले, "गप्प बसा!" बाई बोलतील ते मागून म्हणायचं, ही आपल्या पोरांची सवय. एकशे तीस तोंडं ओरडली, गप्प बसा. मी म्हटलं, "हे नाही म्हणायचं." तेही त्यांनी म्हटलं. मागे उभे असलेले शिक्षक तोंडावर हात धरून हसत होते.

मग मला तुझा परीक्षेचा पाठ आठवला. दहा-दहांचे गट केले, खडे वेचायला लावले, मोजायचं काम त्यांच्यावरच सोपवलं. गलका वाढला, पण कामाचा. एक चिमुरडी माझा हात ओढून म्हणाली, "बाई, तुमच्याकडे नऊच खडे आहेत. एक पाडलात." झिओने, मला तिथेच नाचावंसं वाटलं.

मुतिंताबाईंनी विचारलं, "हे कुठे शिकलात?"

"भाचीकडून."

"कुठल्या शाळेत असते?"

"मंगोचीच्या बाजारात मासे विकते."

"का?"

सगळे ऐकत होते. "मी तिला नापास केलं," मी म्हटलं. "वर्गावर ताबा नाही, असं लिहिलं."

तिथे सांगितलं नाही ते तुला सांगते. तुझा पाठ उत्तम आहे, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. भाचीला पास केलं असं कुणी म्हणू नये, म्हणून मी तसं लिहिलं. नऊ वर्षं झाली.

प्राचार्यांना आज हे सगळं लेखी दिलं. तुझा पाठ पुन्हा घ्यायला ते तयार आहेत. दोन जुलै, सकाळी आठ. परीक्षक मुतिंताबाई. मी आवाराबाहेर थांबेन. पास झालीस तर शाळांत फिरून नव्या शिक्षकांना शिकवायला त्यांना तू हवी आहेस.

येताना सुके मासे आणू नकोस, लाच वाटेल. आणायचेच असतील तर निकालानंतर आण. नाही आणलेस तरी मी समजेन.

तुझ्या कागदावर खोटं लिहिणारी,
फेलेस्ता मावशी