ओफोसूची नवी गाडी कशी प्याली

कुमासी, गुरुवार, उन्हं कलताना

थोरल्या सेर्वा अक्काला धाकट्या न्यार्कोआचा गुडघे टेकून नमस्कार. (गुडघे खरे टेकलेले नाहीत. टेकले तर उठवायला दोन माणसं लागतात आणि घरातली सगळी माणसं सध्या गाडीपाशी आहेत. पण तू टेकले असं समज.) तुझा खोकला कसा आहे? ती पांढरी कोंबडी अंड्यांवर बसते आहे ना, की तिलाही माझ्यासारखं एका जागी बसवत नाही? मी बरी आहे, दात सोडून. हे पत्र सूनबाई पोमा लिहिते आहे. मी बोलते तसंच लिही, शहाणपणा घालू नकोस, असं तिला बजावलंय. आणि हात जरा चालव गं, अक्काच्या गावाकडे माणसं भरून नेणारा ट्रोट्रोवाला फाटकाशी हॉर्न वाजवतोय, त्याच्याच हाती हे द्यायचंय.

शनिवारी दाजींना जाऊन वर्ष पुरं होतं. तुझी काळी वस्त्रं उतरायची, पांढरी चढायची, आणि ती चढवायला सख्खी बहीण लागते. मी येणार की नाही, एवढंच तुला हवंय आणि तेवढंच सांगायला मी बसले आहे. पण मध्ये गाडी आहे.

माझ्या लेकाने, ओफोसूने, आजवर परदेशातल्या लोकांनी वापरून टाकलेल्या गाड्या चालवल्या. एकीचं दार दोरीने बांधलेलं असायचं, एकीत पाऊस बाहेर थांबल्यावर आत सुरू व्हायचा. त्या गाड्यांतून आपण किती मयतींना गेलो, आठव! यंदा त्याने कोरी करकरीत गाडी घेतली. काळी. तोंड पाहून काजळ घालावं, अंबाडा बांधावा, अशी चकचकीत. आणि त्या दिवसापासून घरातलं सुख गेलं. छपराखाली जिथे माझं स्टूल असायचं तिथे गाडी उभी आहे. जेवणाला कंदांचं फुफू कांडायचं उखळ शेजारणीकडे हद्दपार, कारण कांडताना शिंतोडे उडतात. कोंबड्या डालल्या. शेजारच्या बोकडाला उंचावर उभं राहून जग पाहायची खोड आहे, म्हणून ओफोसू स्वतः काठी घेऊन पहाऱ्याला बसतो. माणूस औषधांच्या दुकानाचा मालक, आणि बोकडाशी डोळे वटारून बसलेला! आतल्या सीटांवरचं प्लास्टिक अर्थातच काढलेलं नाही. ते मी मेल्यावरही निघायचं नाही.

मग आला रंगाचा डॉक्टर. एबेनेझर नाव. हातमोजे, तोंडाला फडकं, कपाळाला दिवा. त्याने गाडी धुतली, पुसली, मग कणकेसारखा एक गोळा घेऊन अंगभर फिरवला. मी म्हटलं, "बाबा, एवढं मळतोच आहेस तर फुफूच कर, उखळ शेजारी गेलंय आमचं." तो हसला नाही. हे लोक हसत नाहीत. दिवा धरून त्याने ओफोसूला रंगात कोळ्याच्या जाळ्याएवढे बारीक ओरखडे दाखवले आणि ओफोसूचा चेहरा असा पडला की डॉक्टरने त्याच्याच छातीची चित्रं दाखवली असावीत. घाम रंगाला विष, पाखरांची घाण विष, खारं पाणी तर महाविष, असं सांगत गेला. वर हा आपला उत्तरेचा धुळीचा वारा सुटलेला! म्हणून पोमाची चांगली ठेवणीतली लुगडी काढून गाडीभोवती पडदे बांधले. (पोमा इथे लिहायची थांबली आहे. लिही, लिही.) आत बाळंतीण आहे असंच कोणालाही वाटावं. मग म्हणे रंगावर एक पातळ औषध चोळायचं. ते सुकून काचेसारखं कडक होतं आणि रंग जन्मभर जपतं. मात्र चोळल्यावर आठवडाभर गाडी हलवायची नाही, थेंबभर ओल लागू द्यायची नाही.

आठवडाभर! आणि शनिवार तोंडावर.

मी म्हटलं, मग मी ट्रोट्रोने जाते, आजवर काय विमानाने गेले? तर ओफोसू खवळला. "दारात नवी गाडी असताना माझी आई शेळ्यांच्या मांडीला मांडी लावून जाणार? लोक माझ्या तोंडात शेण घालतील!" म्हणजे गाडी न्यायची नाही आणि ट्रोट्रोने जाऊ द्यायचं नाही. त्यात आपला दादा उगवला. अमानक्वा दादाचं तुला ठाऊकच आहे. घराण्याचा कारभारी झाल्यापासून तो साधं पाणी मागतानाही पूर्वजांना साक्षीला बोलावतो. तो काखेत श्नॅप्स दारूची हिरवी चौकोनी बाटली घेऊनच आला. नव्या गाडीच्या टपावर, बॉनेटवर, चाकावर पूर्वजांना घोट पाजल्याशिवाय ती गाडी घराण्याच्या कार्याला निघणार नाही, हा त्याचा शब्द. ओफोसू हात जोडून म्हणाला, "मामा, चाकावर घाला, जमिनीवर घाला, पण रंगावर नको." दादा म्हणाला, "पूर्वज काय चाकात बसून येणार आहेत? टायर आहेत का ते?" मग ओफोसूने सुचवलं, गाडीवर ताडपत्री टाकतो, ताडपत्रीवर शिंपडा. दादा म्हणाला, "तुला मी बूच न काढता बाटली दिली तर पिशील?"

तर अशी गाठ बसली. मामा म्हणतो, प्याल्याशिवाय गाडी हलणार नाही. भाचा म्हणतो, हलवायचीच नाही, मग पाजता कशाला? आणि तुझी बहीण मधल्या दारात उभी, कधी या पायावर, कधी त्या पायावर. मला रात्रंदिवस डोळ्यांपुढे तू दिसत होतीस, काळ्या कापडात, अंगणात एकटी, नणंदांच्या घोळक्यात. त्या नणंदा! त्यांच्या हातून तुझ्या अंगावर पांढरं चढलं असतं तर ते मला धुऊन पुन्हा चढवावं लागलं असतं.

आता ऐक, बुधवारी काय झालं ते. एबेनेझरने आपलं औषध कशात भरून आणलं होतं? श्नॅप्सच्याच रिकाम्या बाटलीत. आपल्याकडे कोणाच्या घरात ती बाटली नसते? कोणी तेल ठेवतं, कोणी रॉकेल. त्याची बाटली आणि दादाची बाटली स्वयंपाकघराच्या फळीवर शेजारीशेजारी, जुळ्या बहिणींसारख्या. औषधाच्या बाटलीवर म्हणे चिठ्ठी होती, वर मोठ्या अक्षरांत काहीबाही लिहिलेली. मला काय, मुंग्यांची रांग आणि अक्षरांची रांग सारखीच. एबेनेझरने बाहेरून हाक मारली, "आजी, बाटली द्या!" मी दिली.

तो पडद्याआड शिरला आणि चोळायला लागला. अक्का, एबेनेझर इतका चर्चवाला की दारू या शब्दानेही कानाला हात लावतो. त्याला तो वास कुठून ओळखू येणार? ओफोसूचं नाक धुळीने चोंदलेलं. तासभर आतून नुसतं कौतुक चाललं होतं. "बघा साहेब, किती लवकर सुकतंय! अस्सल माल आहे!" थोड्या वेळाने तो भजनं म्हणायला लागला. मग वरच्या पट्टीत. मग ताल चुकवून. दादा बाहेर बसल्या बसल्या हवेत नाक फिरवत होता. म्हणाला, "ओफोसू, तुझं हे औषध माझ्या ओळखीचं वाटतंय रे."

शेवटी दादाने ठरवलं, घोट नाही तर नाही, निदान भाच्याची तक्रार तरी पूर्वजांच्या कानावर घालायची. खांद्यावरचं कापड खाली घेतलं, फळीवर उरलेली बाटली मागवली, पूर्वजांना एकेकाला नाव घेऊन बोलावलं (आजोबांना दोनदा, ते कमी ऐकायचे) आणि जमिनीवर ओतलं. माती चकाकायला लागली. आरशासारखी! एक मुंगी तिच्यावर चढली ती घसरत पलीकडे गेली. दादाने अंगठा हुंगला, बाटली हुंगली, मग उठून पडदा बाजूला केला आणि गाडीचा दरवाजा हुंगला.

एबेनेझर जागच्या जागी खाली बसला आणि प्रार्थना करायला लागला. ओफोसू टपावरून हात फिरवत राहिला. आणि दादा असा हसला अक्का, असा हसला की कापड कमरेवर आलं. म्हणाला, "पिढ्यान् पिढ्यांत या घराण्यात कुठली गाडी इतकी प्याली नव्हती! टपावर प्याली, पोटाखाली प्याली, दारांच्या खाचांतून प्याली. पूर्वज तृप्त आहेत. रस्ता मोकळा आहे." ओफोसू पुटपुटला, "पण मामा, औषध लागलंच नाही, लाल मातीचे खडे…" दादा म्हणाला, "इतके प्यालेल्या लोकांशी तू वाद घालणार? मी नाही घालत."

औषध लागलंच नाही, म्हणजे सुकायचंही राहिलं नाही. बाटलीत उरलेलं औषध रात्रीत दगड झालं, पुन्हा चोळायलाही नाही. तेव्हा शनिवारी पहाटे आम्ही निघतो आहोत. दादाला दंडवत इथेच घालून झाला, मुलांना आशीर्वाद, नणंदांना जेवढा लागेल तेवढाच नमस्कार.

तुझी धाकटी,
न्यार्कोआ (अंगठा)

ता.क. सगळे म्हणतात, बिचारीला वाचता येत नाही, तिचा काय दोष? मीही मान हलवते. पण अक्का, आपल्या आईने श्नॅप्स विकून आपल्याला वाढवलं. मला अक्षर येत नाही, नाक येतं. पोमाने मुलांची शपथ घेतली आहे, ती बोलणार नाही. लुगड्यांचं तिला विसरता आलेलं नाही.

आणखी ता.क. खरं काम आता सांगते, हा हॉर्नवाला निघालाच. ओफोसू म्हणतो, डांबरी रस्ता संपतो तिथल्या ओडुमच्या झाडापर्यंतच गाडी आणेन, पुढे लाल मातीतून चालायचं. तेव्हा तू शनिवारी सकाळी काळं नेसून त्या झाडाखाली येऊन बस. आपल्या विधवा मावशीला रस्त्यात सोडून जाईल एवढी त्याची छाती नाही. जनाची लाज मीच त्याला शिकवली आहे. तू पुढच्या सीटवर बसायचंस, मी मागे. दाजींनी तुला त्या अंगणात पहिल्यांदा आणलं ते सायकलच्या दांडीवर, आणि नणंदा अजून ते बोलून दाखवतात. आता काळं उतरवायला जाशील ती या गाडीतून, सगळ्या गावासमोर. रडू आलं तर खुशाल रड. फक्त काच खाली घेऊन तोंड बाहेर काढू नकोस. खारं पाणी रंगाला चालत नाही.