उणे चाळीसच्या खिडकीतून

३ मे १९९४, मंगळवार

दांडा पुन्हा अडकला! बाहेर जळगाव सेहेचाळीसवर, आणि आमच्या टेस्ट चेंबरमध्ये उणे चाळीस. आत मिलिटरीच्या ट्रकचा प्लास्टिक व्हॉल्व्ह बसवलेला. हवेच्या सिलिंडरचा दांडा तो दहा हजार वेळा उघडतो, मिटतो. टिकला की दाखल्यावर माझी सही. पण कॉम्प्रेसरच्या हवेत ओल असते, तिचाच बर्फ होतो.

झाडायला आलेल्या बेबाबाई खिडकीच्या काचेला नाक लावून आतलं पांढरं बघत उभ्या. "ताई, हाई बठ्ठं धवळं काय शे?"

बर्फ, म्हटलं. मीही तो इथंच पाहिलाय. किती तरी वेळ दोघी बघतच राहिलो.

७ मे

फिटर नासीरभाईंना सांगितलं — हवा काढून टाकू. दांडा ढकलायला विजेचा ॲक्च्युएटर लावू; मोटर बाहेर उबेत, फक्त स्क्रूचा दांडा आत. वीस वर्षं त्यांनी सिलिंडर सांभाळलेत. बराच वेळ हात पुसत बसले. "मी हवेचा माणूस, ताई."

मला वाटलं, दुखावले. जाता जाता वळले — "दांडा भिंतीतून जाईल तिथं रबर नका लावू. कडक होतं. टेफ्लॉन लावा."

११ मे

आमचे मॅनेजर चौधरीसाहेब : "दाखले निघतायत ना? मग कशाला?" मी हट्टच धरला. शेवटी हो म्हणाले — एकदाच.

१९ मे

आता नव्या स्क्रूवरचं ग्रीसच गोठलं! मोटर नुसती कण्हत राहिली. रडू आलं.

२४ मे

चाललं! ग्रीस पुसून काढलं, थंडीतलं वेगळं लावलं. कॉम्प्रेसर बंद — खोली एवढी शांत कधीच नव्हती. पांढऱ्या धुक्यात दांडा हळूच पुढे येतो, थबकतो, मागे जातो.

"झोपेत कुणी कूस बदलावी तसं," नासीरभाई म्हणाले.

बघता बघता मी कुठल्या कुठे गेले. लडाखची वाट, एकामागे एक ट्रक, चाकांखाली बर्फ कुरकुरतोय... आणि त्या एवढ्या थंडीत आपल्या जळगावचा व्हॉल्व्ह. केवढं गोड वाटलं!

२५ मे

व्हॉल्व्ह तडकला. तीन हजार एकशे बाराव्या फेरीला.

आजवर एकही तडकला नव्हता. चूक नव्या यंत्राची असेल? नासीरभाईंनी फेऱ्या मोजणारा जुना काउंटर उघडला. "हा तर हवेचा झटका मोजायचा, ताई. दांडा हलला का नाही, ह्याला काय माहीत?"

नवा काउंटर दांडा टोकाला पोचला तरच आकडा पुढे नेतो. म्हणजे रात्री कुणी बघायला नसताना दांडा बर्फात रुतून उभा, आणि जुना काउंटर आपला मोजतोय! गेल्या वर्षीचे सतरा दाखले. सतराही सह्या माझ्या.

२८ मे

आणखी दोन व्हॉल्व्ह लावून पाहिले. दोन्ही तीन हजारांच्या आसपास तडकले.

साहेब : "जुनं उकरू नका. नोकरी प्यारी आहे ना?" डोळे मिटले की तीच पांढरी वाट दिसते. ट्रक थांबलेत. कुणीतरी खाली उतरून वाकून बघतंय.

३० मे, सोमवार

सतराही दाखले मागे घेतल्याचं पत्र मिलिटरीच्या ऑफिसला रजिस्टर पोस्टानं पाठवलं. खाली दोन सह्या. मी नको नको म्हणत होते, नासीरभाईंनी माझ्या हातातलं पेन घेतलं — "सिलिंडर माझे होते, ताई."