पारवीच्या घशातली अकरा वर्षं

ती. स्व. आत्यास,

तीनदा साबणाने धुऊनही काळ्याच राहिलेल्या दहा बोटांचा साष्टांग नमस्कार. (कागदाच्या कडेला जो ठसा दिसतो आहे तो माझ्या अंगठ्याचा. सही येत असूनही अंगठा उठवणारा घराण्यातला मी पहिलाच.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना कुरकुरतो की उतरताना, हे मागच्या पत्रात तू लिहिलं नव्हतंस. गेल्या नऊ दिवसांत मला एवढं पक्कं कळलं आहे, की कुरकुर नेमकी कुठून येते ते समजल्याशिवाय कुठल्याही स्क्रूला हात लावू नये. इकडे आम्ही ठीक. ही ठीक. घरात पेट्रोलचा वास येतो, पण परवापेक्षा पुष्कळ कमी.

आत्या, खरं तर पहिल्याच ओळीत सगळं ओकून टाकावं असं फार वाटत होतं. पण जन्मभर छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या पुस्तकांची प्रुफं तपासल्यामुळे शेवट आधी फोडणाऱ्या माणसांची मला चीड आहे. तेव्हा क्रमानेच सांगतो. तू मात्र खुर्चीत नीट टेकून बस.

तुझी स्कूटर, म्हणजे आपली पारवी, (हे नाव तिच्या रंगावरून तूच ठेवलंस, आता तो रंग कुठला आहे यावर आमच्याकडे एकमत नाही) अकरा वर्षांपूर्वी टेम्पोतून आमच्याकडे आली, जिन्याखाली उतरली आणि तिथेच राहिली. मागच्या आठवड्यात इमारतीच्या फळ्यावर नोटीस लागली, की जिन्याखाली पाण्याचा पंप बसायचा असल्याने चालू वाहनांना मागच्या अंगणात जागा मिळेल आणि बंद वाहनं रविवारी सकाळी दहा वाजता भंगारवाल्याच्या स्वाधीन केली जातील. नोटिशीत 'स्वाधीन'मधला 'धी' ऱ्हस्व होता. मी सवयीने खिशातलं लाल पेन काढून तो दीर्घ केला. नोटीस लिहिणारे आमचे अध्यक्ष हे निवृत्त हेडमास्तर, चाळीस वर्षं भाषाच शिकवलेले, आणि ते नेमके मागे उभे. एरवी त्यांच्याकडून चार दिवसांची सवलत मिळाली असती, ती तिथेच त्या वेलांटीखाली गाडली गेली.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने दोन किका मारल्या, वाकून वास घेतला आणि नाडी बघून डॉक्टर करतात तसा चेहरा केला. म्हणाला, "साहेब, कार्बोरेटर चोंदलाय. असला आता कुठे मिळत नाही. गाडीला हात जोडा आणि सोडून द्या." कार्बोरेटर म्हणजे गाडीचा घसा. पेट्रोल आणि हवा तिथे मिसळतात आणि तिथून इंजिनात जातात. (तुला हे मी सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं, पण हिला असंच समजावलं होतं, म्हणून तेच उतरवतो आहे.) अकरा वर्षं आत राहिलेलं पेट्रोल आटून त्याचा राळेसारखा चिकट गोळा झाला होता. आता तूच सांग. ज्या स्कूटरवर तू पहिल्या पगारापासून तीस वर्षं नोकरीला गेलीस, जिच्यावरून मला शाळेत सोडलंस, ती एका चोंदलेल्या घशापायी हातगाडीवर चढवू? मी हिला जाहीरपणे सांगितलं, की कार्बोरेटर मी स्वतः घरी साफ करणार. ही म्हणाली, "तुम्हाला बाथरूमचा नळ नीट बंद करता येत नाही." हे विधान खरं आहे, पण त्या वेळी त्याची गरज नव्हती.

जेवणाच्या टेबलावर जुन्या प्रुफांचे कागद पसरले. हिने खडूने मधोमध रेघ मारली. रेघेच्या अलीकडे जेवण, पलीकडे मी. जुन्या बाजारातून स्कूटरचं माहितीपुस्तक पैदा केलं आणि पहिली संध्याकाळ ते वाचण्यात घालवली. आत्या, छत्तीस पानांत एक्केचाळीस चुका! एका आकृतीखाली 'डावीकडे फिरवा' आणि पुढच्याच पानावर त्याच स्क्रूबद्दल 'उजवीकडे फिरवा'. सगळ्या लाल पेनाने दुरुस्त करून झाल्यावर ही म्हणाली, की पुस्तक आता अगदी चालू स्थितीत आहे, गाडीचं काय?

दुसऱ्या दिवशी सोडवायला घेतलं. झाकण काढताच आतली स्प्रिंग सुटली आणि थेट वरणाच्या पातेल्यात गेली, म्हणजे रेघेच्या अलीकडे. (तेव्हापासून मी एकटाच एका कोपऱ्यात जेवतो.) पण पुढे जे झालं ते ऐक. कार्बोरेटर जिथे इंजिनाला जोडतात तिथे, फटीतून हवा शिरू नये म्हणून, पुठ्ठ्याची एक चकती असते, गॅस्केट म्हणतात तिला. ती मी सुरीने अलगद सोडवली, पुसली, तर तिच्यावर अक्षरं! छापलेली. उजेडात धरली, तर एका कडेला 'गणित' आणि त्याच्या पुढे निळ्या शाईत '१९'. आत्या! ते माझं पाचवीचं प्रगतिपुस्तक! जे हरवलं म्हणून मी बाबांपुढे कान धरून उभा राहिलो होतो, आणि तू शेजारी बसून शांतपणे म्हणाली होतीस, "जाऊ दे रे, पोराच्या हातून हरवतं कधीतरी." पुठ्ठा हाताला लागला म्हणून तू ते कापलंस, की तो एकोणीस बघून कापलंस? अडतीस वर्षं तुझ्या इंजिनाच्या दारावर माझं गणित बसलं होतं आणि त्यातली सत्तावीस वर्षं गाडी विनातक्रार पळत होती. मी ती चकती हातात धरून इतका हसलो, की ही बाहेर आली. आणि मग हसता हसता माझे डोळे भरून आले, तेव्हा ही रेघ ओलांडून पलीकडे, माझ्या बाजूला येऊन बसली. नुसती मी स्क्रू काढत होतो ते बघत राहिली. नवी चकती मी एका कवितासंग्रहाच्या मुखपृष्ठाच्या पुठ्ठ्यातून कापली आहे. कवीला कळवू नकोस.

मग धुणं. भांड्याच्या साबणाच्या गरम पाण्यात सगळं धातूचं सामान उकळलं. पाणी आधी चहाचं झालं, मग काढ्याचं, मग डांबराचं. (ते पातेलं आता आमच्याकडे कोणी हातात धरत नाही.) बाहेरून कार्बोरेटर असा लखलखला, की मी त्यात तोंड बघून भांग पाडला. पण पितळेचा एक बारकासा जेट असतो, पेनाच्या टोपणाएवढाही नाही, आणि त्याच्या मधोमध केसासारखं भोक. गाडी नुसती उभी राहून धडधडत असते तेव्हा तिला याच भोकातून पेट्रोल मिळतं. ते भोक बंद. फुंकलं, सायकलच्या पंपाने हवा मारली, रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवला. ढिम्म! शुक्रवार उजाडला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

शुक्रवारी सकाळी कामावर निघताना हिने ते सगळं सामान डब्याच्या पिशवीत घातलं आणि म्हणाली, "दुपारी दवाखान्यात या." ही वीस वर्षं दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे हे तुला ठाऊकच आहे. तिथे पाण्यात बारीक थरथर उठवून हत्यारं स्वच्छ करणारं एक यंत्र असतं. नवं आल्यापासून जुनं माळ्यावर पडून होतं. मी छापखान्यातून धावत पोचलो तर जुनं यंत्र घूं घूं करत होतं आणि डॉक्टरीणबाई डोक्याला दिवा लावून, भिंगाचा चष्मा घालून आपला जेट चिमट्यात धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, हा तर सरळसोट रूट कॅनल आहे! माणसांचे असे असते तर मी चार वाजता घरी गेले असते." आणि त्यांनी सर्वांत बारीक, केसापेक्षा बारीक सळई घेऊन इतक्या हलक्या हाताने त्या भोकात फिरवली, की जेटला जीव असता तर त्यालाही कळलं नसतं.

एवढ्यात खुर्चीतला माणूस ओरडायला लागला. हो, खुर्चीत एक गृहस्थ होते. भुलीचं इंजेक्शन दिलं होतं, ते चढायची वाट बघत तोंडात बोळे भरून आडवे झाले होते. "आं! आं! आंआं!" आम्हाला वाटलं दुखतंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, तुमच्या दाताला अजून हातही लावला नाही." काकांनी जोरजोरात मान हलवली, माझ्या हाताकडे बोट दाखवलं, माझ्या खिशातलं लाल पेन ओढून घेतलं आणि गळ्यात अडकवलेल्या कागदी रुमालावर लिहिलं: 'सुई उलटी. टोक वर.' आत्या, ते बस डेपोतले निवृत्त मेकॅनिक निघाले! पेट्रोल पुरेसं झालं की वाट बंद करणारी जी सुई असते, ती बसवून बघताना मी पठ्ठ्याने खाली डोकं वर पाय करून धरली होती. तशीच बसवली असती तर पेट्रोल थांबलंच नसतं, जिन्याभर वाहिलं असतं. मग काकांनी छातीवरच शाळा भरवली. 'रबर गरम पाण्यात घातलं नाही ना?' 'स्क्रू पिळू नका, पितळ आहे.' 'पेट्रोल नवं घ्या.' रुमाल भरला तेव्हा हिने दुसरा बांधला. या शिकवण्यात काका इतके रंगले, की मधल्यामध्ये डॉक्टरीणबाईंनी दाढ काढली ती त्यांना ताटलीत दिसल्यावरच कळली. आणि जेट? दिव्यासमोर धरला तर भोकातून उजेडाचा एक ठिपका आला. दवाखान्यात आम्ही चौघांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर बसलेले दोन पेशंट मात्र उठून गेले.

शनिवारी संध्याकाळी जोडणी. सगळं बसलं, आणि शेवटी हवेचा स्क्रू उरला. तो पूर्ण आवळून मग ठरावीक फेरे सोडायचा असतो. किती फेरे? पुस्तकात त्या जागी छपाईच पुसट. काढण्याआधी आवळून बघताना मोजायला हवे होते, आणि मी मोजले नव्हते. (गणित एकोणीस.) डोकं धरून बसलो. स्वयंपाकघरातून आवाज आला, "दीड."

"काय दीड?"

"फेरे. काढण्याआधी तुम्ही आवळलात तेव्हा मी मोजले. तोंडात किती बोळे घातले, किती बाहेर आले, हे मोजायची सवय आहे मला."

आत्या, लग्नाला बावीस वर्षं झाली. त्या क्षणी मला पुन्हा एकदा मागणी घालावीशी वाटली, पण हात काळे होते.

रविवारी दहाला वीस मिनिटं असताना अख्खी इमारत जिन्याखाली. हेडमास्तर पांढऱ्या शुभ्र शर्टात, काखेत वही. भंगारवाला हातगाडी आणि दोरी घेऊन. मी किक मारली. काही नाही. दुसरी, पाचवी, बारावी. सतराव्या किकेला नडगी सोलली. भंगारवाल्याने दोरीची गाठ सोडायला सुरुवात केली. हेडमास्तरांनी घड्याळ बघून घसा खाकरला. दहाला चार मिनिटं. वाटलं, गेली, तुझी पारवी माझ्या डोळ्यांदेखत गेली. तेवढ्यात हिने पर्स माझ्या हातात दिली, "व्हा बाजूला," म्हणाली, चोक ओढला, पदर खोचला आणि किक मारली. पारवी शिंकली. दुसरी किक, पुन्हा शिंकली. तिसऱ्या किकेला एक फट्, मग फटफट, मग घरघर, आणि मग आत्या, तो आवाज! तू फाटकाशी यायचीस तेव्हा मी पुस्तक टाकून धावायचो तोच आवाज! जिनाभर पांढरा धूर. सगळे खोकताहेत आणि हसताहेत. मी आनंदाने समोर होता त्याला मिठी मारली. धूर विरल्यावर दिसलं की ते हेडमास्तर होते, आणि शर्टाच्या पाठीवर माझे दोन पंजे उमटले होते. भंगारवाला दोरी विसरून ऐकत होता. म्हणाला, "आवाज गोल आहे हो. ही नसती नेली मी." हेडमास्तरांनी वही उघडून स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'चालू'. ऱ्हस्वदीर्घ अचूक. मग म्हणाले, "आता एक चक्कर मारून दाखवा." मी तत्काळ सांगितलं, की विमा संपलेला असताना वाहन रस्त्यावर आणणं कायद्यात बसत नाही. कायद्याचं नाव काढल्यावर ते प्रसन्न झाले.

तर पारवी आता मागच्या अंगणात ऐटीत उभी आहे. रोज संध्याकाळी मी तिला पाच मिनिटं सुरू करतो आणि शेजारी स्टूल टाकून ऐकतो. गुडघ्याला जप.

तुझा भाचा
(ज्याने एक काम तरी शेवटाला नेलं)

ता. क. हिचा तुला नमस्कार. ती म्हणते डॉक्टरीणबाई तुझी कवळी फुकट बघतील.

ता. क. दुसरा. विमा काल झाला. हेडमास्तरांनी येत्या रविवारी दहा वाजता चक्कर ठरवली आहे, आणि डेपोवाले काकाही बघायला येणार आहेत.

ता. क. तिसरा, आणि हा वाचून झाल्यावर फाडून टाक. आत्या, मला स्कूटर चालवता येत नाही. कधीच येत नव्हती. मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा 'येते थोडीफार' असं म्हणून बसलो, आणि मग बावीस वर्षं दुरुस्त करायची संधीच मिळाली नाही. तू शुक्रवारपर्यंत ये. हिला सांग कवळी दाखवायला आलीस. सकाळी ही कामावर गेली की मागच्या अंगणात तू मला शिकव.

ता. क. चौथा. आत्या, मी सूनबाई. पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याकडेच दिलं, आणि पाकीट चिकटवायला विसरले. यांना येत नाही हे मला लग्नानंतरच्या आठवड्यातच कळलं होतं. तुम्ही जरूर या, शुक्रवारी मी रजा घेतली आहे. पण शिकायचं मला आहे. यांना मागे छान बसता येतं.