दोन्ही बाह्या एकाच हाताच्या

१२ जाने., सोम., रिठद
आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, म्हणून आठवडाभर घरूनच काम. रेडिओ दुर्बिणीच्या मिलिमीटर लहरींच्या रिसीव्हरचं ड्रॉइंग शुक्रवारीच वर्कशॉपला पाठवलं. सोळा पिक्सेल, म्हणजे आकाशाकडे तोंड केलेले सोळा छोटे कर्णे, एकाच पितळी ठोकळ्यात. मागून एक पितळी प्लेट बसते. तिची भोकं मधोमध नाहीत, जरा एका अंगाला.
आज प्रोजेक्टच्या सरांचा फोन. "प्लेटचं चित्र समोरून पाहून काढलंस की मागून? मागून डावं-उजवं पालटतं." म्हटलं, मागून. फोन ठेवला अन् डोकं भंजाळलं. मागूनच ना?

१३, मंगळ.
ड्रॉइंगचा कागद खिडकीच्या काचेला लावून पाहिला. बरोबर वाटला. पालटून पाहिला, तोही बरोबर! एकदा पालटलंय की दोनदा? दोनदा म्हणजे होतं तसंच. एवढं शिकून हे हाल. प्लेट चुकली तर वर्कशॉपमध्ये पुन्हा नंबर लागायला तीन महिने, अन् माझी नोकरी मार्चपर्यंतच. लय भीती वाटते.

१४, बुध.
संक्रांत. आई ऐकत नाही. काळा चष्मा लावून शेजारच्या काकूंचं ब्लाऊज कापलं. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या!
"कपडा घडी करून कापा लागत होता. उजवीवरूनच दुसरी कापली म्या, पालटलीच नाही."
मीसुद्धा तेच केलं! कर्ण्यांच्या चित्रावरून प्लेट कॉपी केली, पालटलीच नाही.
"काहून रडून राह्यली व? बाह्याच तं हायेत."
तिला प्लेटचं सांगितलं, अन् पालटलेलं ड्रॉइंग लगेच वर्कशॉपला मेल केलं. जीव जरा भांड्यात पडला.

१५, गुरु.
वर्कशॉपच्या मिस्त्रींचा फोन. "मॅडम, प्लेट कापून सरांकडे पाठवली. मागची बाजू ना, म्हणून नेहमीसारखं मीच उलटं करून घेतलं."
अहो, कोणतं ड्रॉइंग? पहिलं की कालचं?
"मेलवर होतं ते." त्यांनी ठेवला फोन. पुन्हा लावला तर बंद.
पहिलं असेल तर वाचले. कालचं असेल तर दोनदा पालटलं, गेलं सगळं. की याच्या उलट? कागदावर तीनदा मांडलं, तीनदा वेगळं आलं.
आई काकूंची बाही उसवत बसली आहे. "तुही प्लेट जुळली का व?"
"माहीत नाही."
"मंग उसव अन् पाह्य."
पितळ कुठं उसवतं, आई.
सरांचे दोन मिसकॉल. उचलले नाहीत.