कुणाच्या खांद्याची?

४ ऑक्टोबर
आले एकदाची. बसमधून उतरते तो जावई समोर उभा. वेदातने माझं गाठोडं उचललं आणि विचारलं, आई, दगड भरून आणलेत का? मी म्हटलं, द्राक्षाच्या पानांची बरणी आहे, जपून धर, फुटली तर तुझ्या बायकोला तूच तोंड दे. आता कायमचं इथेच राहायचं. माझी नेरमिन, तिचा हा नवरा आणि सहा वर्षांची इपेक. म्हातारीला आणखी काय लागतं?

ही वही इपेकनेच दिली. आजी, बायकांच्या वर्गात अक्षरं शिकलीस ना, मग लिही, म्हणाली. लिहिते बाई. चुकलं तर तीच हसेल.

गाव छान आहे. घरोघरी बंदुका बनतात. सकाळी कोंबड्याच्या आधी कानस बोलते. हवेला अक्रोडाच्या भुशाचा वास. इथे म्हणे मुलगी देताना जावयाचे हात आधी बघतात, तोंड मागाहून. वेदातचं तोंडही वाईट नाही म्हणा.

६ ऑक्टोबर
वेदातचा कारखाना घराखालीच आहे. तिथे शेगडीजवळ विणकाम घेऊन बसते. वेदातसाठी तपकिरी लोकरीचा स्वेटर विणायला घेतलाय.

आज तळ्याकडच्या गावाहून एक विधवा बाई आली, लेमान नावाची. नवऱ्याची जुनी दुनळी बंदूक घेऊन. नवरा तळ्यावर शिकार करायचा, मासे धरायचा; मागल्या हिवाळ्यात गेला. ताडमाड माणूस होता म्हणे, कुठल्याही दारातून वाकल्याशिवाय जात नसे. बाईला एवढंच हवं होतं, की दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडाच्या, टोकाची रबरी गादी बदलावी. लाकडाला हात लावायचा नाही. गोळी सुटल्यावर खांद्याला धक्का बसतो ना, त्यासाठी ती गादी. जुनी पार वाळली होती, शिळ्या पावासारखा चुरा पडत होता.

इथली रीत अशी, की दस्ता ज्याच्या त्याच्या हाताच्या मापाने कापतात. कोपराच्या वाकणापासून बोटापर्यंत. म्हणून मेलेल्याची बंदूक आली, की गादीचा स्क्रू फिरवण्याआधी उस्ताद विचारतो, कुणाच्या खांद्याची? आणणाऱ्याने जित्या माणसाचं नाव घ्यायचं. मगच खोलायचं. आमच्याकडे नवं भांडं बिसमिल्ला म्हटल्याशिवाय चुलीवर ठेवत नाहीत, तसंच हे.

वेदातने विचारलं. पुन्हा विचारलं. बाईने नुसता रुमाल सारखा केला. तिकडे वेदातचा चहा निवत होता, हातात स्क्रू-ड्रायव्हर, रबर फाटू नये म्हणून साबण लावलेला. शेवटी हसला आणि म्हणाला, "माझ्याच खांद्याची म्हणा." आणि रबराच्या चिरेत पातं घातलं.

तेव्हा बाईने पहिल्यांदा मान वर केली. उठली आणि त्याच्या उजव्या दंडावर हात ठेवला. दुकानात आपण कापड चाचपतो ना, तसा.

९ ऑक्टोबर
नवी लाल गादी बसली. लाकडावर ओरखडा नको म्हणून कागदी पट्टी गुंडाळली, मग रबर घासघासून दस्त्याच्या काठाशी आणलं. सुरेख काम. वेदातने खांद्याला लावून बघितली, तर बोट घोड्यापर्यंत पोचेना. आई, यात माझ्यासारखे दोन मावतील, म्हणाला. मी खूप हसले.

समोरचे रेमझी उस्ताद मात्र हसले नाहीत. वेदातला काम त्यांनीच शिकवलं. नाव कुणाचं घेतलं ते ऐकल्यावर फार बोलले त्याला. एवढा चांगला म्हातारा, पण तोंड कडू.

१३ ऑक्टोबर
स्वेटर झाला आणि उजवी बाही आखूड! नेरमिन म्हणते, आई, तुझे डोळे गेले आता, डाळसुद्धा मीच निवडते. उसवली, वाढवली.

लेमान बाई बंदूक न्यायला येत नाही. समोरच्या बाकावर येऊन बसते. चहा दिला तर नको म्हणते. वेदातकडे बघत राहते.

आज त्याने बंदूक पुन्हा खांद्याला लावली. अगदी बरोबर बसली. लाकूड आटलं असेल, म्हणाला.

एवढं आटतं का लाकूड?

१६ ऑक्टोबर
बाही पुन्हा आखूड. माझी चूक नाही. मी त्याचे दोन्ही हात टेबलावर जवळजवळ ठेवायला लावले. उजवा — डाव्याच्या पुष्कळ पुढे.

सदरा काढला तर खांद्याला खळगा. त्यात गादीवरच्या रेघा उमटलेल्या. दुखत नाही म्हणतो. शहरातल्या डॉक्टरने मलम दिलं.

ज्याला माशाचा वास सहन होत नसे, तो मासा मागून खातो. दारातून वाकून येतो. उंची आहे तेवढीच. तरी वाकतो.

संध्याकाळी नेरमिनने ताट वाढलं. त्याने फार अदबीने विचारलं, "बाई, तुम्ही कुणाच्या घरच्या?"

नेरमिन हसली. मग मोरीत जाऊन रडली.

१८ ऑक्टोबर
रेमझी उस्तादांचे पाय धरले. म्हणाले, उपाय एकच. गादी पुन्हा खोलायची, पुन्हा विचारायचं आणि दुसऱ्या जित्याने आपलं नाव द्यायचं. बंदूक मोडली, जाळली, तर ज्याच्या नावावर आहे तो जाईल.

मी विचारलं, कोण देईल? त्यांनी कानस उचलली आणि पुसत बसले. मला त्यांचा राग नाही. नातवंडं आहेत त्यांना.

नेरमिन म्हणाली, मी देते. मी म्हटलं, गप्प बस. तुझी पोर कोण वाढवेल?

इपेकला बाप ओळखत नाही. ती त्याच्या चपला लपवते. म्हणजे तो जाणार नाही.

१९ ऑक्टोबर
भर दुपारी लेमान बाई उंबऱ्यात आली. हात पुढे केला. वेदात उठला, अनवाणीच. नेरमिन कमरेला लटकली, तिच्यासकट ओढत चालला. इपेक किंचाळत —

मी खाली धावले. साबण सापडेना, थुंकी लावली. समोरून उस्ताद धावत आले, स्क्रू त्यांनीच फिरवला. त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "माझ्या खांद्याची. मुजेय्यनच्या."

वर काहीतरी पडल्याचा आवाज झाला. वेदात.

२० ऑक्टोबर
त्याने डोळे उघडले. मला आई म्हणाला! तरहानाचं, आंबवलेल्या दही-पिठाचं कढण मागितलं. स्वेटर घातला तर उजवी बाही बोटांवरून खाली लोंबते. आम्ही सगळे हसलो. इपेक बाहीत शिरून बसली.

देवाची कृपा. म्हातारीचं काय, वाळकी काडी. मी तळ्यावरच्या शिकारीच्या उपयोगाची नाही, बाई मला नेऊन काय करेल?

माझ्या झग्याची उजवी बाही जरा वर आलीय.

२१ ऑक्टोबर
बाई बाकावर. आता माझ्याकडे बघते. आधी रडली. मग हसली.

उस्तादांनी पुन्हा खोलू म्हटलं. वेदात लगेच म्हणाला, नाव माझं. मी बंदुकीवर आडवी पडले. देणार नाही. कुणाचंच —

पाण्याचा वास येतो. काठच्या बोरूचा. मी ते तळं कधी पाहिलंही नाही —

२२ ऑक्टोबर
डाव्या हाताने लिहिते. अक्षरं वाकडी. उजवा कामाचा नाही. माझ्या कामाचा नाही —

दाराला आतून कडी. बाई बाहेर. हाक मारते, गोड. माझं नाव नाही. वेदात खिडकीला फळ्या ठोकतोय. नेरमिन म्हणते, आई, खुर्चीतून हलू नकोस. मागून दोन्ही खांदे धरलेत तिने. हलत नाही मी. शपथ. पाय जमिनीवर. वही मांडीवर. डावा हात वहीवर. उजवा —

इपेक दाराकडे बघतेय. तोंड उघडं, आवाज नाही —

मी इथेच बसलेय, नेरमिन, मी इथेच, आणि बोटांना लोखंड गार लागतंय, कडी —